उद्याची बातमी लिहिणारा हवालदार

चव्वेचाळीस सालच्या जूनमध्ये मी वाईहून सांगलीला कॉलेजात दाखल व्हायला गेलो. आधी सर्व्हिस मोटार, मग रेल्वे, मग टांगा असा दिवसभर हेलकावे खात वसतिगृहाच्या फाटकाशी उतरलो, तर समोर लिंबाच्या झाडाला टेकवलेला एक जुना फळा दिसला. वर्गातून काढून टाकलेला असावा, कारण त्याचा एक कोपरा तुटला होता. त्यावर खडूनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘आज दुपारी वाईचे नवे विद्यार्थी येत आहेत. खोली नऊ. प्रथमच घराबाहेर राहणार आहेत, असे कळते. पेटी जड असल्यास हात द्यावा.’

वाईचे नवे विद्यार्थी म्हणजे मीच, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझी पेटी उचलली. वळून पाहिलं तर उंच, काळासावळा, झुबकेदार मिशांचा एक माणूस पेटी खांद्यावर घेऊन उभा होता. अंगात खाकी शर्ट, पायात जाड बूट. मला वाटलं, वसतिगृहाचा पहारेकरी असेल.

“तूच का वाईकर?” तो म्हणाला. “फळ्यावर तू दुपारचा हायस. आता दिवं लावायची येळ झाली.”

मी मिरजेला गाडी चुकल्याचं सांगू लागलो. त्यानं मान थोडी डावीकडं वळवून, उजवा कान माझ्याकडं करून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “असू दे. आलास न्हवं? फळा खोटा पडला न्हाई, तेवढं बास.”

तो पहारेकरी नव्हता. इंटरच्या वर्गात शिकणारा विद्यार्थी होता आणि खोली नंबर नऊमध्ये माझा जोडीदार होता. नाव सिदराम पुकळे. गाव म्हसवडच्या पलीकडं, माणदेशातलं. घर मेंढरं राखणाऱ्या धनगराचं. साताऱ्याला बोर्डिंगात राहून तो मॅट्रिक झाला आणि लढाई सुरू होताच पलटणीत भरती झाला. आफ्रिकेच्या वाळवंटात तोफेचा गोळा जवळ फुटून त्याचा डावा कान गेला. पलटणीनं त्याला घरी पाठवलं, आणि घरी दोन महिने बसून कंटाळल्यावर, वयाची पंचविशी उलटून गेल्यावर, तो कॉलेजात आला. सगळी मुलं त्याला हवालदार म्हणायची. समोर आम्ही त्याला अहोजाहो करायचो. आठवणीत मात्र तो एकेरीतच येतो.

त्या एका कानामुळं त्याला एक सवय लागली होती. कुणी बोलायला लागलं की तो हातातलं काम थांबवून पुरता त्या माणसाकडं वळायचा. त्यामुळं त्याच्याशी बोलणाऱ्याला वाटायचं की याला माझ्या बोलण्यात फार रस आहे. आणि खरं सांगायचं तर त्याला तो असायचाही. धोबी, टपालवाला, इतिहासाचे सर, सगळे त्याच्याशी चार वाक्यं जास्त बोलायचे, आणि त्यातूनच त्याला फळ्यासाठी मजकूर मिळायचा.

कॉलेजचा खरा सूचनाफलक ऑफिसाबाहेर होता, काचेच्या दाराचा, कुलुपातला. त्यावर इंग्रजीत टंकलिखित कागद लागायचे: परीक्षेच्या तारखा, दंड, गैरहजेरी. हवालदाराचा फळा त्याच्या अगदी उलटा. तो रोज सकाळी तांब्याभर पाण्यानं फळा पुसायचा आणि मराठीत पुढच्या एकदोन दिवसांची बातमी लिहायचा. बोलायचा अस्सल माणदेशी, पण खडू हातात आला की भाषा एकदम पुस्तकी व्हायची. ‘उद्या पाच वाजता व्हॉलीबॉल. जाळे फाटलेले आहे, येताना सुतळी आणावी.’ ‘शनिवारी वादविवाद. विषय ठरायचा आहे, भांडण ठरलेले आहे.’ ‘इतिहासाच्या सरांच्या कन्येचे परवा बारसे. नाव अद्याप सुचलेले नाही. सुचल्यास सरांना सांगावे, मात्र वर्गात नको.’

सरांना मुलगी झाली, ती त्याच्या दहा दिवस आधी. पण ती बातमी फळ्यावर लागली नव्हती. झालेलं काही तो लिहायचाच नाही. हॉकीचा सामना जिंकला तरी फळ्यावर एवढंच असायचं की ‘उद्या खेळाडूंना चहा.’ मी एकदा त्याला म्हटलं, “हवालदार, आपण जिंकलो हे तरी लिहा.”

“ते झालं की रं,” तो म्हणाला. “झालेलं समद्यांस्नी म्हाईत असतंय. कालचं पेपरवाला सांगतोय. उद्या काय हाय ते सांगाय कोन न्हाई, म्हून मी बसलोय.”

या हट्टामागचं कारण मला दिवाळीनंतर कळलं. आम्ही दोघं संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. मी सहज विचारलं की पलटणीतही तुम्ही फळा लिहीत होतात का. त्यानं उजवा कान माझ्याकडं करून प्रश्न पुन्हा ऐकला.

“पलटनीत माजं काम संदेश घ्यायचं आन् लिवायचं,” तो म्हणाला. “रोज सकाळी तंबूच्या बाहीर फळा लागायचा. त्यावर कालचं. कालचं म्हंजी काय, तर कोन गेलं, कोन घावलं न्हाई. मीच लिवायचो. पोरं उठली की तोंड धुवायच्या आदी फळ्याम्होरं. मग दिसभर कुनी बोलायचं न्हाई. एक दिस आमचा सैपाकी आला, रत्नांग्रीकडचा हुता. मला म्हनला, खाली लिव, आज सांजंला शिरा हाय. मी लिवलं. गड्या, तुला काय सांगू, मढ्यागत बसलेली पोरं ताटं हुडकाय लागली. कुनाची वाटी मोठी त्यावरनं भांडनं लागली.”

“मग? शिरा कसा झाला?”

“झालाच न्हाई. साकरंची गाडी वाटंतच जळाली.” तो किंचित हसला. “पर ती सांज आमी काडली. त्यो सैपाकी काय खोटं बोलला न्हवता, त्याला खरंच वाटत हुतं गाडी येनार. तवापसनं मी ठरवलं, लिवायचं तर म्होरलं लिवायचं.”

त्याच हिवाळ्यात त्यानं फळ्यावर जे लिहिलं, त्यानं आमचं वसतिगृह आठवडाभर ढवळून निघालं.

तेव्हा वसतिगृहात जेवणाचे निरनिराळे क्लब होते. ब्राह्मणांचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा, जैनांचा वेगळा, लिंगायतांचा वेगळा. प्रत्येकाचा आचारी वेगळा, पंगत वेगळी. मी ब्राह्मणांच्या क्लबात जेवायचो. मिरजेकडचा कांबळे नावाचा एक विद्यार्थी होता, ज्युनियर बी.ए.चा, संस्कृत घेतलेला, बोलायला तिखट. तो व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत स्टोव्हवर स्वतःचं अन्न शिजवून एकटा जेवायचा. त्याला कुठल्या क्लबानं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. पण तो महार, त्यामुळं तो विचारायला गेला की प्रत्येक क्लबातली जागा नेमकी भरलेली असायची. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, आणि त्या महिन्यात कांबळे बरेच दिवस चुरमुरे खाऊन राहिला.

हवालदार पलटणीत सगळ्यांबरोबर एका भांड्यातलं जेवलेला माणूस. त्याला हे आवडत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण तो भाषण करणारा नव्हता. एका संध्याकाळी तो मला घेऊन कांबळेच्या खोलीवर गेला आणि म्हणाला, “कांबळे, आइतवारी समद्यांनी मिळून जेवायचं म्हनतोय. तू यायचंस.”

कांबळे पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, “मला कुणाच्या पंगतीत उपकाराचं पान नको आहे, हवालदार. मी माझी आमटी करतो, ती मला पुरते. आणि ती तुमच्या कुठल्याही आचाऱ्यापेक्षा चांगली होते.”

हवालदारानं थोडा विचार केला. “मग आसं करू. आमटी तूच कर. पान आमचं, वाढनारा तू. आमी तुज्याकडं जेवाय येतो.”

आता कांबळेनं पुस्तक मिटलं. “येईल कोण?”

“ते उद्या फळ्यावर बघ.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: ‘येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता वसतिगृहाच्या पटांगणात सर्वांचे एकत्र जेवण. ओळ एकच. आपापले ताट आणावे. भाकरी व भरीत: हवालदार आणि मंडळी. आमटी: कांबळे.’

कुणाला विचारलेलं नव्हतं. मंडळी म्हणजे कोण, तेही ठरलेलं नव्हतं. पण शेवटची ओळ वाचून मुलं फळ्यापुढं उभीच राहिली. दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजात तोच विषय होता. कुणी म्हणालं, हवालदाराचं डोकं गोळ्यानं हललंय. कुणी म्हणालं, छान झालं. बहुतेक जण काहीच म्हणाले नाहीत, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटली.

मंगळवारी प्रिन्सिपॉलसाहेबांचं बोलावणं आलं. ते शिस्तीचे, कमी बोलणारे गृहस्थ. हवालदाराला एका कानानं नीट ऐकू येत नाही, म्हणून सोबतीला मीही गेलो. त्या काळात सातारा भागात भूमिगतांची धामधूम चालू होती. सांगली संस्थानात असली तरी चार माणसं एकत्र जमली की पोलिसांना संशय यायचा, आणि एक फौजदार सकाळीच सायकलवरून येऊन फळा वाचून गेला होता.

“पुकळे, हे कुणाच्या परवानगीनं लिहिलंत?” साहेबांनी विचारलं.

“परवानगी मागाय येनारच हुतो, सायेब. पर आधी लिवलं.”

“फौजदार विचारतो, की हे जेवण कशासाठी आहे.”

“जेवान जेवायसाटीच आसतंय, सायेब. फौजदारास्नी बी बलवा. त्येंचं ताट त्येंनी आनावं.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “हे बघा. मुलांच्या घरून तक्रारी आल्या तर उत्तर मला द्यायचं आहे. काही मारामारी झाली तर तुमचं नाव कमी करावं लागेल. तुम्ही इतक्या खटपटीनं शिकायला आलात, ते वाया जाईल. विचार करा.”

“केलाय, सायेब.”

“मी मनाई करत नाही,” साहेब म्हणाले. “पण मी येणार नाही.”

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, “मनाई न्हाई म्हनलं न्हवं? मग झालं.” पण वाटेत तो फळ्यापुढं थांबला आणि आपलीच ओळ पुन्हा वाचली. त्याच्या घरी भाऊ मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होता, आई वाट बघत होती, आणि त्या घरातला शिकलेला माणूस हा एकटाच होता. नाव कमी झालं असतं तर पुन्हा कुठल्या कॉलेजात जाण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं. खोलीवर आल्यावर मी म्हटलं, “हवालदार, अजून फळा पुसता येईल.”

“पुसाय काय, येतोच,” तो म्हणाला. “पर कांबळेनं डाळ आनाय सांगितलीया.”

त्यानंतर तो रोज एकेक ओळ वाढवत गेला. ‘उंब्रजच्या जाधवांच्या घरून गुळाची ढेप येत आहे.’ ‘ज्वारी रेशनवर असल्याने प्रत्येकाने मूठभर पीठ द्यावे. न दिल्यासही जेवावे.’ ‘जैन बंधूंसाठी कांदा-लसूण व वांगे वगळून एक भाजी निराळी असेल. ओळ निराळी नाही.’ जाधवाला आपल्या घरून गूळ येत असल्याचं फळ्यावरच कळलं. तो तावातावानं खोलीवर आला, हवालदारानं त्याला बसवून घेतलं, आणि उठला तो थेट गुळासाठी गावी निरोप पाठवायलाच गेला.

खरी अडचण आमच्या क्लबात होती. आमचे आचारी बाळंभट साठीचे, एकटे, मुलांवर जीव असलेले. पण सोवळं म्हणजे सोवळं. त्यांनी गुरुवारी पंगतीत जाहीर केलं की रविवारी जो त्या ओळीत बसेल, त्याला मी पुन्हा वाढणार नाही. आणि फार मुलं बसली तर मीच क्लब सोडून जाईन. हे ऐकून सात-आठ मुलांचं मन एकदम बदललं. मी हवालदाराला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, तो चिडेल. तो उठला आणि थेट बाळंभटांच्या स्वयंपाकघराकडं गेला. उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला. मी बाजूला उभा होतो.

“आवं काका, मी आत येत न्हाई,” तो म्हणाला. “हितनंच बोलतो.”

“बोल,” बाळंभट म्हणाले. “तू चांगला माणूस आहेस, हवालदार. तुझ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या वडिलांनी मला जे शिकवलं, ते मी या वयात सोडू का? आणि नाही सोडलं तर ही पोरं मला हसतील. रविवारी मी इथं चुलीपुढं बसलो, आणि पोरं तिकडं पटांगणात, तर माझं तोंड कुठं लपवू?”

हवालदारानं उजवा कान तिकडं करून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, तुमी वाडीला कवा गेला हुता?”

“नरसोबाच्या वाडीला? दोन वर्षं झाली. या पोरांच्या पोटामागं जमतंय कुठं?”

“मग आइतवारी जावा की. क्लब येक दिस बंद ऱ्हाईल.”

बाळंभटांनी त्याच्याकडं बघितलं. भांडी आवरायला लागले.

शुक्रवारी सकाळी फळ्यावर सगळ्यात वर ओळ होती: ‘आपले बाळंभटकाका रविवारी दत्तदर्शनासाठी वाडीस जात आहेत. सोमवारी परत येतील. सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे पिठले-भात.’

मी ते दोनदा वाचलं. त्यात बाळंभटांना कमीपणा आणणारा एकही शब्द नव्हता. ते रागावून जात नव्हते. देवाला जात होते. आणि ते परत येणार होते, हेही लिहून झालं होतं. दुपारी बाळंभट फळ्याजवळ येऊन उभे राहिलेले मी पाहिले. त्यांनी मजकूर पुटपुटत वाचला. मग मला विचारलं, “अरे, वाडीची मोटार किती वाजता असते?”

रविवारी अकरा वाजता पटांगणात हवालदार, कांबळे आणि मी, एवढेच होतो. कांबळे मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होता आणि आमच्याकडं बघत नव्हता. खोल्यांच्या व्हरांड्यात मुलं कठड्याला टेकून उभी होती. माझे वडील वाईला घाटावर भिक्षुकी करायचे. त्यांच्या कानावर हे जाणारच होतं. हवालदारानं जमिनीवर आपलं पलटणीचं अ‍ॅल्युमिनियमचं ताट मांडलं, मांडी घातली आणि म्हणाला, “वाड, कांबळे.”

मी त्याच्या शेजारी बसलो. कांबळेनं वाढलं. तेवढ्यात जाधव गुळाची ढेप घेऊन आला आणि ओरडला, “गूळ माझा आहे, तेव्हा ओळीत मी पुढं.” मुलं हसली. त्या हसण्यानं काहीतरी सैल झालं. दोघं उतरले, मग चौघं, मग घोळक्यानं. निम्मं वसतिगृह तरी शेवटी त्या ओळीत बसलं असेल. बाकीचे वरून बघत राहिले. त्यांनाही कुणी काही बोललं नाही. मारामारी झाली नाही. आमटी खरोखरच उत्तम होती, फार तिखट, आणि डोळ्यांत पाणी आलेल्या मुलांना कांबळे गंभीर चेहऱ्यानं पुन्हा पुन्हा वाढत होता.

पंगत उठत आली तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेब फाटकातून आत आले. ते म्हणाले, “मी फक्त शांतता आहे ना, ते बघायला आलोय. मी जेवून आलोय.” हवालदारानं वाटीभर आमटी त्यांच्यापुढं धरली. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, वाटी घेतली आणि उभ्यानंच प्यायली.

“तिखट आहे,” ते कांबळेला म्हणाले.

“मिरजेकडची आहे, सर,” कांबळे म्हणाला.

साहेबांनी वाटी रिकामी करूनच परत दिली.

सोमवारी बाळंभट आले. अंगाऱ्याची पुडी आणि पेढे घेऊन आले. मला म्हणाले, “जा, डोक्यावरून आंघोळ करून ये, मग वाढतो.” मी आंघोळ करून आलो. त्यांनी पिठलं-भात वाढला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. क्लब काही मोडले नाहीत, एका जेवणानं ते मोडणारही नव्हते. पण पुढच्या सत्रात जाधव जेवायचा त्या मराठ्यांच्या क्लबात एक जागा निघाली आणि कांबळे तिथं जेवायला लागला. स्टोव्ह त्यानं ठेवला होता. महिन्यातून एकदा त्याच्या आमटीचा दिवस असायचा, आणि तो फळ्यावर दोन दिवस आधी लागायचा.

संक्रांतीला मी वाईला गेलो आणि वडिलांना स्वतःच सगळं सांगून टाकलं. ते पूजेची उपकरणी घासत होते. हात थांबवला नाही. पळी पुसून ठेवताना म्हणाले, “आमटीत मीठ बरोबर होतं का?” मी हो म्हटलं. “मग ठीक,” ते म्हणाले. एवढंच. मला वाटतं, त्यांना रात्री झोप नीट लागली नसावी. पण मला मात्र लागली.

पुढच्या श्रावणात ते अचानक गेले. तार आली तेव्हा मी वर्गात होतो. हवालदारानं माझी पिशवी भरली, स्टेशनवर आला, गाडीत बसवलं. तेरावं करून मी परतलो तेव्हा मला कुणाला भेटावंसं वाटत नव्हतं. लोक काय बोलतील, आपण काय उत्तर द्यायचं, याचंच ओझं झालं होतं. फाटकाशी फळा होता. त्यावर होतं: ‘वाईकर आज परत येत आहेत. खोलीवर भेटावे. काय बोलावे हे न सुचल्यास नुसते बसावे.’

त्या संध्याकाळी मुलं एकेक करून आली आणि नुसती बसली. जाधव आला, कांबळे आला. कुणी शेंगा आणल्या, कुणी काहीच नाही. बाळंभट दाराशी आले, मुगाची खिचडी ठेवून गेले. हवालदार कोपऱ्यात बूट पुसत होता. सगळे गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो. तो जवळ येऊन बसला, त्याचा चांगला कान माझ्या बाजूला करून, म्हणजे मी बोललोच तर त्याला ऐकू यावं. मी बोललो नाही. तो तसाच बसून राहिला.

सेहेचाळीस साली, दुसऱ्या खेपेला, तो इंटर झाला आणि म्हसवडच्या बाजूला नव्यानं निघालेल्या शाळेत मास्तर म्हणून लागला. बी.ए. कर, म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. तो म्हणाला, “आई थकली. भावाच्या पायात काटा मोडून पाय अधू झालाय. घराजवळ ऱ्हातो. शिकायला काय, पोरांबरबर शिकंन.” निरोपाच्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेब फाटकापर्यंत आले होते. त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

मी पुढं साताऱ्याला नोकरीला लागलो. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात सिदरामचं लग्न निघालं, उशिरानं का होईना. मी दहिवडीवरून म्हसवडला आणि तिथून बैलगाडीनं त्याच्या गावी गेलो. उघडं, लांबवर पसरलेलं माळरान, बाभळी, आणि मध्ये दगडी भिंतींचं घर. तो मांडवात पाहुण्यांच्या गडबडीत होता. त्याच्या आईनं मला ओसरीवर घोंगडं टाकून बसवलं आणि स्वतः लोकर कातत समोर बसली. सगळा जन्म मेंढरांमागं चाललेली बाई. अंग वाळलेलं, डोळे मात्र चमकदार.

“आवं, माज्या सिद्यानं तिकडं सांगलीला काय केलं, ते तुमी तरी सांगा,” ती म्हणाली. “त्यो कायबी सांगत न्हाई.”

मी तिला फळ्याचं सांगितलं. रविवारच्या जेवणाचं सांगितलं, बाळंभटांचं सांगितलं. ती कातता कातता ऐकत होती.

“म्हंजी घडायच्या आदीच सांगायचा?”

“हो.”

“आन् मग घडायचं?”

“बहुतेक वेळा. आम्हालाच ते घडवावं लागायचं.”

ती हसली. “ह्यो त्येच्या बाचा गुन. मेंढरं घिऊन आमी दरसाल घाट उतरून खाली कोकनात जायाचो. पोरं ल्हान. पाय दुकायचं, रडायची. तवा ह्येचा बा म्हनायचा, चला रं, त्या म्होरल्या वळनाला हीर हाय, गार पानी हाय.”

“आणि असायची का विहीर?”

“कवा असायची, कवा नसायची.” तिनं तुटलेला धागा बोटांत घेऊन पुन्हा जोडला. “पर तवर वळन आल्यालं असायचं.”